बोलका चेहरा

युरोपच्या उत्तरेला स्वीडन नावाचा देश आहे. या देशात चित्रपटाचा पाया ज्या मोजक्या माणसांनी घातला, त्यांत व्हिक्टर शोस्ट्रम यांचे नाव पहिल्या रांगेत येते. ते नट होते आणि दिग्दर्शकही होते. त्यांनी काम सुरू केले तेव्हा चित्रपटाला आवाज नव्हता. पडद्यावरची माणसे ओठ हलवत, पण शब्द ऐकू येत नसत. मधूनमधून पडद्यावर लिहिलेली वाक्ये दिसत. अशा चित्रपटांना मूकपट म्हणतात. मूकपटात नटाला सारे काही चेहऱ्याने आणि डोळ्यांनीच सांगावे लागे.

व्हिक्टरचा जन्म २० सप्टेंबर १८७९ रोजी स्वीडनमधील व्हार्मलांड या भागात झाला. तो अगदी लहान असताना आईवडील त्याला घेऊन अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिन येथे त्यांनी घर केले. पण व्हिक्टर सात वर्षांचा झाला, तोच त्याची आई वारली. वडिलांनी दुसरे लग्न केले. पुढे व्हिक्टरला परत स्वीडनला, नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. सतराव्या वर्षी तो एका फिरत्या नाटक मंडळीत सामील झाला. आज या गावी, तर उद्या त्या गावी, असे त्याचे दिवस जाऊ लागले. पुढे तो नट म्हणून नावारूपाला आला.

१९१२ साली चार्ल्स मॅग्नुसन या निर्मात्याने शोस्ट्रम यांना चित्रपटांच्या कामावर बोलावले. त्या काळी नाटकातले लोक चित्रपटाला हलके समजत. शोस्ट्रम मात्र गेले आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९१३ साली, त्यांनी ‘इंगेबोर्ग होल्म’ हा चित्रपट केला.

या चित्रपटाची गोष्ट तुम्हांला सांगायलाच हवी. इंगेबोर्गचा नवरा दुकान सुरू करतो आणि क्षयरोगाने मरतो. दुकान बुडते. तिला आजार जडतो. तीन मुलांना घेऊन तिला गरीबगृहात जावे लागते. तिथे आईला ठेवून घेतात, पण मुलांना तिच्यापासून तोडून वेगवेगळ्या घरी पाठवतात. एक मूल आजारी असल्याचे कळताच ती रात्री पळून जाते. पोलीस तिला पकडून परत आणतात. पुढे तिच्या सर्वांत धाकट्या बाळाला भेटीला आणतात, तर ते आईला ओळखत नाही! ती त्याला रिझवण्यासाठी कापडाची बाहुली करून दाखवते. बाळ रडतच राहते. त्या क्षणी तिचे भान हरपते. त्यानंतर कित्येक वर्षे ती एक लाकडी फळी बाळासारखी कुशीत घेऊन बसते. शेवटी खलाशी झालेला मोठा मुलगा परत येतो. तो तिला तिचाच तरुणपणीचा फोटो दाखवतो, तेव्हा ती भानावर येते.

ही नुसती कल्पना नव्हती. स्वीडनमध्ये त्या काळी गरिबांच्या मुलांचा चक्क लिलाव होई, आणि तोही उलटा. जो सर्वांत कमी पैशांत मूल सांभाळायला तयार होई, त्याच्या हाती मूल दिले जाई. असा माणूस मुलाला काय खाऊ घालणार आणि किती राबवणार, हे वेगळे सांगायला नको. चित्रपट पाहून लोक अस्वस्थ झाले. वर्तमानपत्रांत वाद पेटला. १९१८ साली गरिबांविषयीचा नवा कायदा आला आणि मुलांचे लिलाव बंद झाले. कायदा एका चित्रपटामुळे झाला असे म्हणता येणार नाही. पण लोकांचे डोळे उघडण्यात या चित्रपटाचा वाटा मोठा होता. लहानपणी आई गमावलेल्या माणसाच्या हातून तो झाला, यात मला तरी नवल वाटत नाही.

१९१७ साली ‘तेर्ये व्हीगेन’ या चित्रपटात शोस्ट्रम यांनी एका खलाशाची भूमिका केली. त्याच्या बायकोला आणि मुलीला उपाशी मरावे लागते, आणि त्याला कारण झालेला शत्रू पुढे त्याच्याच हाती सापडतो. खलाशी सूड घ्यायला निघतो. पण शत्रूचे मूल पाहून त्याचा हात थांबतो.

नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लेखिका सेल्मा लागरलोफ यांच्या कथांवरही त्यांनी चित्रपट केले. त्यांपैकी एकाची संहिता घेऊन ते लेखिकेच्या घरी गेले आणि ती सगळी त्यांना अभिनयासह वाचून दाखवली. बाईंनी काही मत दिले नाही. फक्त जेवायला बसवले. शोस्ट्रम समजले, की पसंती मिळाली! तो चित्रपट १९२१ साली आला. त्यात मृत्यूची गाडी हाकणारा गाडीवान आरपार दिसतो. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून ही किमया साधली होती.

पुढे शोस्ट्रम अमेरिकेत गेले. तिथे त्यांनी १९२८ साली ‘वारा’ हा चित्रपट केला. रखरखीत वाळवंटात विमानांचे पंखे लावून वाळूचे वादळ उठवले होते. पण तोवर बोलपट आले होते आणि हा सुंदर मूकपट चालला नाही. शोस्ट्रम मायदेशी परतले. नंतर त्यांनी दिग्दर्शन जवळजवळ सोडले आणि पुन्हा नट झाले.

१९४० नंतरच्या काळात इंगमार बर्गमन नावाचा एक तरुण आपला पहिला चित्रपट करत होता. त्याचे कुणाशीच पटत नव्हते आणि काम बिघडत चालले होते. तेव्हा म्हाताऱ्या शोस्ट्रम यांनी त्याची मान धरून त्याला स्टुडिओबाहेर येरझाऱ्या घालायला लावल्या. प्रसंग साधे ठेव, माणसांशी भांडू नकोस, असे त्यांनी त्याला समजावले. तो तरुण पुढे जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाला.

१९५७ साली त्याच बर्गमन यांनी ‘रानातल्या स्ट्रॉबेरी’ या चित्रपटासाठी शोस्ट्रम यांना बोलावले. भूमिका होती एका एकाकी, वृद्ध डॉक्टरची. मानाची पदवी घेण्यासाठी तो मोटारीने लुंड शहराकडे निघतो आणि वाटेत त्याला सारे आयुष्य आठवते. शोस्ट्रम तेव्हा अठ्ठ्याहत्तरीला आले होते. प्रकृती ठीक नव्हती, वाक्ये विसरत, आणि मग स्वतःवरच चिडत. संध्याकाळी ठरल्या वेळी घरी जायला मिळाले पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह असे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ३ जानेवारी १९६० रोजी स्टॉकहोम येथे शोस्ट्रम यांचे निधन झाले.

या चित्रपटाच्या शेवटी म्हातारा डॉक्टर स्वप्नात पाण्याच्या काठी येतो. पलीकडे त्याचे आईवडील बसलेले असतात. वडिलांच्या हातात मासे धरायची काठी असते. ते दुरूनच त्याला हात करतात. शोस्ट्रम तिथे एक शब्दही बोलत नाहीत. ते नुसते पाहत राहतात आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत जातो.