नववे कलम

अर्थसंकल्पाचे दिवस आले की आमच्या अभ्यासवर्गातली कॉलेजची पोरे हमखास भांडतात. एक गट म्हणतो, सरकारशी वाटाघाट म्हणजे शरणागती. दुसरा म्हणतो, मिळेल ते पदरात पाडून घ्या. दोघेही बाबासाहेबांचे नाव घेतात, पण अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब दोघांनीही वाचलेले नसतात.

विद्यार्थी असतानाच बाबासाहेबांनी सरकारच्या जमाखर्चाची चिरफाड सुरू केली होती. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी विषय घेतला तो केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या वाटणीचा. १८३३ साली सगळी तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या मुठीत गेली होती. १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रक्कम मिळू लागली, १८७७ पासून उत्पन्नाच्या काही बाबी आणि १८८२ पासून वाटा. ही सारी ओढाताण त्यांनी आकड्यांनिशी मांडली आणि १९२५ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांना झोंबला. तो पुन्हा लिहायला सांगण्यात आले. बाबासाहेबांनी भाषा सौम्य केली, पण निष्कर्ष हलवले नाहीत. १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.

१९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कौन्सिलमध्ये नियुक्त सदस्य म्हणून त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. पीक बुडो की येवो, दोन एकरवाल्यालाही शेतसारा चुकत नाही, हा अन्याय त्यांनी सभागृहापुढे ठेवला. मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी साधा हिशेब काढला. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी. त्याच मार्चच्या २० तारखेला महाडला चवदार तळ्याचे पाणी पेटले! कौन्सिल आणि तळे या दोन वेगळ्या लढाया नव्हत्या.

पुणे कराराबद्दल आम्ही नव्याने काय सांगावे? २४ सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली स्वतंत्र मतदारसंघ सोडावा लागला. त्या बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. हा आकडा आमच्या वक्त्यांना तोंडपाठ असतो. करारातले शेवटचे, नववे कलम मात्र कोणी वाचत नाही. प्रत्येक प्रांताच्या शिक्षण अनुदानातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम राखून ठेवावी, असे ते कलम सांगते. गळ्याशी आलेल्या त्या करारातही अर्थसंकल्पातला वाटा लिहून घेतला गेला होता.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. चलेजावच्या दिवसांत इंग्रजांच्या सरकारात बसल्याबद्दल त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. (देणाऱ्यांची पोरे तेव्हा कुठल्या नोकऱ्या करीत होती, हे कोणी विचारले नाही.) त्या खुर्चीतून त्यांनी ऑक्टोबरमध्ये लॉर्ड लिनलिथगो यांना सविस्तर निवेदन दिले. त्यातून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दरसाल तीन लाख रुपयांची तरतूद झाली. परदेशी शिक्षणाची सोयही त्यातच होती. आपली मुले कारकून होऊन भागणार नाही, तंत्र आणि विज्ञान शिकून मोक्याच्या जागी बसली पाहिजेत, हा हिशेब त्यामागे होता. पुढे देशभर पसरलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मूळ तिथे आहे.

१९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरे. जानेवारी १९५० मध्ये देशाचे कायदामंत्री बाबासाहेब त्या पोरांच्या संसदेत हिंदू कोड बिलावर बोलले. दिल्लीतल्या संसदेत त्याच बिलाचे लचके तुटत होते. निदान विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी मंजूर व्हावा, म्हणून ते बिलाचे तुकडे करायलाही तयार झाले. चार कलमांवर गाडी अडली आणि तेवढेही सोडून देण्यात आले. मग मात्र त्यांनी थांबायचे नाकारले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी राजीनामा पंतप्रधान नेहरूंकडे गेला.