सर्वांचे वाद्यवृंद संचालक : आर्थर फिडलर

लग्नाच्या वरातीत बँडवाले चित्रपटातील गाणे वाजवतात. गायक नसतो, शब्द नसतात, तरी क्लॅरिनेटचे पहिले सूर कानावर पडताच आपण गाणे ओळखतो. हेच काम एखाद्या नामांकित सिम्फनी वाद्यवृंदाने केले तर? अमेरिकेतील बोस्टन शहरात आर्थर फिडलर यांनी सुमारे अर्धशतक हे काम केले. त्यासाठी त्यांना अफाट प्रेम मिळाले आणि थोडी उपेक्षाही सोसावी लागली.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १८९४ रोजी बोस्टन येथे झाला. वडील इमॅन्युएल फिडलर मूळचे ऑस्ट्रियाचे, बोस्टन सिम्फनी या प्रसिद्ध वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. आई पियानो वाजवत असे. पुढे हे कुटुंब युरोपात गेले आणि आर्थर यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीत व्हायोलिनचे रीतसर शिक्षण घेतले. पहिले महायुद्ध पेटल्यावर ते मायदेशी परतले व १९१५ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, बोस्टन सिम्फनीत रुजू झाले. व्हायोलिन हे त्यांचे मुख्य वाद्य. पण गरज पडेल तेव्हा व्हायोला, पियानो, ऑर्गन, तालवाद्ये असे काहीही ते वाजवीत.

सभागृहातील मैफलींना ठरावीक वर्गच येतो, तिकीट न परवडणाऱ्यांनी हे संगीत ऐकायचे कुठे, हा प्रश्न त्यांना पडला. शहरातील चार्ल्स नदीकाठी उघड्यावर विनामूल्य मैफली करायच्या, असे त्यांनी ठरवले. पैशासाठी स्वतः लोकांकडे खेटे घातले, देणग्या जमवल्या. ४ जुलै १९२९ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पहिली मैफल झाली. सुरुवातीला तात्पुरता लाकडी मंच होता. १९४० मध्ये तेथे कायमचा रंगमंच उभा राहिला.

१९३० मध्ये त्यांची ‘बोस्टन पॉप्स’च्या संचालकपदी नेमणूक झाली. बोस्टन सिम्फनीचेच वादक मुख्य हंगाम संपल्यावर हलकेफुलके कार्यक्रम करत. ही प्रथा १८८५ पासूनची. खुर्च्यांच्या रांगांऐवजी मेजे मांडलेली असत आणि श्रोते खातपीत संगीत ऐकत. फिडलर यांनी कार्यक्रमाचे तीन भाग ठेवले. आधी सोप्या अभिजात रचना, मग एखाद्या एकल वादकाचे गंभीर वादन आणि शेवटी लोकप्रिय गाणी. शेवटच्या भागासाठी आलेला माणूस पहिले दोन भागही ऐकून जाई. या योजनेतले मर्म हेच होते.

डॅनिश संगीतकार जेकब गाडे यांच्या ‘जलूसी’ या रचनेचे त्यांनी १९३५ मध्ये ध्वनिमुद्रण केले. त्या तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

१९६४ मध्ये इंग्लंडच्या बीटल्स या चार तरुणांनी अमेरिकेला वेड लावले. अनेक ज्येष्ठ संगीतज्ञ नाके मुरडत असताना सत्तरीला टेकलेल्या फिडलर यांनी त्याच वर्षी ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ हे बीटल्सचे गाणे पूर्ण वाद्यवृंदावर ध्वनिमुद्रित केले आणि ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जाऊन पोहोचले. असे रूपांतर करणे वाटते तितके सोपे नाही. मूळ गाणे जेमतेम दोन-तीन मिनिटांचे, त्यात गिटार, ड्रम आणि गळा. शब्द गेले की एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवून कंटाळा येतो. म्हणून रूपांतरकार प्रत्येक कडवे वेगळ्या वाद्यांकडे सोपवतो. कधी व्हायोलिन, कधी बासरी, कधी तुताऱ्या. गिटारचा ठेका इतर वाद्यांत वाटून द्यावा लागतो आणि एवढ्या मोठ्या ताफ्याला त्या ठेक्यावर नेमके एकत्र ठेवणे ही संचालकाची कसोटी.

हे संगीत स्वस्त करणे आहे, अशी टीका झाली. मुख्य बोस्टन सिम्फनीचे संचालकपद त्यांना कधीच मिळाले नाही आणि ही सल त्यांच्या मनात राहिली. तरी तालमीतली शिस्त त्यांनी कधी सैल केली नाही. बेथोव्हेन असो वा बीटल्स, सूर चुकलेला त्यांना चालत नसे.

त्यांना एक गमतीशीर छंद होता. आगीच्या बंबांचे त्यांना लहान मुलासारखे वेड होते. कित्येक शहरांच्या अग्निशमन दलांनी त्यांना मानद पद दिले होते.

४ जुलै १९७६ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे झाली. त्या दिवशी नदीकाठच्या विनामूल्य मैफलीला सुमारे चार लाख लोक लोटले. १९७७ मध्ये त्यांना अमेरिकेच्या अध्यक्षांकडून ‘स्वातंत्र्य पदक’ मिळाले. १९७९ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी त्या काळच्या डिस्को गाण्यांचीही तबकडी काढली. त्याच वर्षी १० जुलैला त्यांचे निधन झाले. नदीकाठी त्यांच्या मस्तकाचे ॲल्युमिनियमच्या थरांतून घडवलेले भव्य शिल्प १९८४ पासून उभे आहे.

स्नेहसंमेलनासाठी गाणे निवडताना अभिजात घ्यावे की चालू जमान्यातले, हा वाद दर वर्षी रंगतो. पालकांचे एक मत, मुलांचे दुसरे. फिडलर यांनी दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच मंचावर वाजवली. मात्र तालीम दोन्हींची सारखीच कसून करून घेतली. आपणही तेवढे करावे.