वऱ्हाड जिंकणाऱ्या साहेबाचे बूट

एनसीसीत असाल, तर इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्रीचा सीन तुम्हाला वेगळा सांगायला नको. पेपर अंथरायचा, डीएमएस बूट काढायचे, पॉलिशची डबी, ब्रश, जुन्या बनियनचा कपडा घ्यायचा आणि बसायचं घासत. मी तीन वर्षं हेच केलंय. आणि एकदा माती पण केली आहे. पावसातल्या परेडनंतर चिंब भिजलेले बूट घाईघाईत गॅसजवळ वाळवले. सकाळी डाव्या बुटाच्या टोकावर आडवी चीर! कातडं आतून सुकलं की तडकतं, हे तेव्हा कळलं.

त्या चिरेमुळे मी एका माणसापर्यंत पोहोचले. त्याच्या नावाचे बूट जगभर विकले जातात, आणि त्याने आपल्या नागपूरकर भोसल्यांना हरवलं होतं. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आपण वॉटर्लूपुरतं त्याचं नाव ऐकतो. पण वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी तो आपल्या अकोला-अमरावतीत फिरत होता, हे शाळेत कोणी नीट सांगतच नाही ना.

1769 चा जन्म, आयर्लंडमधलं सरदार घराणं. हुशार म्हणून कोणी नाव घ्यावं असा मुलगा नव्हता. 1787 मध्ये सैन्यात गेला आणि 1797 मध्ये आपली पलटण घेऊन कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला. वशिला होता, नाही म्हणू नका. पण नुसत्या वशिल्यावर असईची लढाई जिंकता येत नाही.

23 सप्टेंबर 1803. आजच्या जालना जिल्ह्यातलं असई. समोर शिंदे आणि भोसल्यांची एकत्र फौज, तोफांची मोठी रांग. वेलस्लीकडे माणसं कितीतरी कमी, आणि तीही त्या दिवशी आधीच वीस मैलांच्या वर चालून आलेली. नदीला उतार कुठे आहे ते त्याला माहीत नव्हतं. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये पायवाट असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तिथूनच फौज पलीकडे नेली. त्या दिवशी त्याचा एक घोडा गोळीने पडला, दुसरा जखमी झाला आणि फौजेतली कितीतरी माणसं कामी आली. म्हातारपणीही सगळ्यात चांगली लढाई कोणती असं विचारलं, की तो वॉटर्लू नाही, असईच सांगायचा.

मग 29 नोव्हेंबरला अकोटजवळच्या अडगावला भोसल्यांचे भाऊ वेंकोजी समोर होते. इथे तोफा सुटताच वेलस्लीच्याच काही पलटणी पाठ फिरवून पळाल्या. त्याने स्वतः घोडा घालून त्यांना परत रांगेत उभं केलं. 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. पिकनिकला तिथे गेला असाल तर चढ आठवा. त्या डोंगरातून आधी रस्ता तयार करत आणि मग जड तोफा माणसांनी ओढत वर नेल्या होत्या. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्यांना कटक कंपनीला द्यावं लागलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाडही हातचं गेलं. त्याच्यासोबत घोड्यावर असलेला तरुण एल्फिन्स्टन नागपुरात रेसिडेंट होऊन बसला. इथलं स्वतंत्र राज्य पुढे कसं संपत गेलं, त्याची सुरुवात इथेच आहे. त्यामुळे या माणसाचं कौतुक वाचताना मला जरा अवघड होतं. तुम्हालाही होऊ द्या.

पण त्याच्याकडे एक गोष्ट खरीच होती. लढाई पायावर आणि पोटावर चालते, हे त्याला पक्कं समजलं होतं. इथे असताना त्याचं लक्ष बैलांवर आणि तांदळावर असायचं. पुढे स्पेनमध्ये 1813 च्या मोहिमेआधी शिपायांच्या पाठपिशवीत जादा बूट आणि वर बदलायचे तळवे गेलेच पाहिजेत, यावर त्याचा कटाक्ष होता.

स्वतःच्या बुटांबाबत तर तो आणखी काटेकोर. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर हॉबी नावाचा नामांकित बूटवाला होता. 1815 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे नेपोलियन परत आलेला, युरोप हादरलेला, वॉटर्लूला दोन महिने उरलेले, आणि हा ब्रसेल्सहून हॉबीला लिहितो की मागचे बूट पोटरीला घट्ट आणि उंचीला दीड इंच कमी आहेत, दुरुस्त करून आणखी दोन जोड पाठव! हॉबीही काही कमी नव्हता. तो धर्मोपदेशकही होता. वेलिंग्टन जिंकतो तो माझ्या बुटांमुळे आणि माझ्या प्रार्थनांमुळे, असं तो सांगत फिरायचा म्हणे.

त्या काळचे हेशियन बूट उंच, पुढे इंग्रजी व्ही सारखी खाच आणि वर गोंडा. ब्रीचेस जाऊन पँट आल्यावर हा गोंडा आत मावेना. वेलिंग्टनने हॉबीकडून गोंडा काढवला, उंची कमी केली आणि मऊ वासराच्या कातड्याचा, पायाला बसणारा साधा बूट करून घेतला. लंडनभर त्याची नक्कल झाली. तेव्हाचं काळं पॉलिश जळक्या हाडांची पूड, काकवी, व्हिनेगर असं कायकाय मिसळून व्हायचं. 1824 मध्ये बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स अशाच पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं लावत होता. साहेबाचं नाव बुटाला मिळालं. बूट शिवणाऱ्या, घासणाऱ्या हातांचं नाव मात्र लंडनमध्ये कोणी ठेवलं नाही आणि आपल्याकडे तर कातड्याला हात लावला म्हणून माणसांना गावाबाहेर ठेवलं.

पुढचं आयुष्य राजकारणात गेलं. 1828 मध्ये पंतप्रधान झाला, सुधारणांना विरोध केला, लोकांनी घराच्या काचा फोडल्या. 14 सप्टेंबर 1852 ला वॉल्मर कॅसलमध्ये गेला. रबराचे बूट त्यानंतर आले, म्हणजे इंग्लंडमध्ये ज्याला वेलिंग्टन म्हणतात तो आपला गमबूट त्या बाबाने कधी घातलाच नाही. त्याचा कातडी जोड आणि साधी लष्करी खाट अजून वॉल्मरला पाहायला मिळते.

माझे बूट मी सीताबर्डीवरच्या एका चांभार काकांकडे नेले. त्यांनी आधी मला झापलं. ओले बूट कधी उन्हात किंवा आगीजवळ ठेवायचे नाहीत, लेस काढून आत पेपर कोंबायचा, सावलीत वाळू द्यायचे. चिखल आधी ब्रशने झाडायचा, मग पॉलिशचा पातळ थर, थोडं थांबून ब्रश. टोकासाठी दोन बोटांवर कपडा ताणायचा, पाण्याचा थेंब घ्यायचा आणि छोटे छोटे गोल फिरवत राहायचं. जाड थर लावला की चमक येत नाही, पापुद्रा येतो.

चीर काही जुळत नाही म्हणाले. पॉलिशने भरून दिली. परेडपुरती दिसली नाही. दुसऱ्या दिवशी परत दिसायला लागली.