पोर्शन तोच, परीक्षा तीच, वर्ष मात्र वेगळं : वकिली सोडून बालवाडीत रमलेल्या गिजुभाईंची गोष्ट

जून उजाडला की शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वार्षिक नियोजनाची पीडीएफ येऊन पडते. जूनमध्ये कोणते धडे, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत किती पोर्शन, उजळणी कधी आणि परीक्षा कधी. प्राथमिक शाळेतलं मूल वर्षभरात काय शिकणार, हे त्या तक्त्यात आधीच ठरलेलं असतं. रकाने भरले की मूल शिकलं, असं शाळाही धरून चालते आणि आपणही.

साधारण नव्वद वर्षांपूर्वी गुजरातमधल्या भावनगरच्या एका माणसाने या तक्त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. तक्ता फाडून टाका, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट पुस्तकातला मास्तर तोच अभ्यासक्रम, तीच मुलं, तेच बारा महिने घेतो आणि वर्षाच्या शेवटी परीक्षाही द्यायला तयार होतो. बदलतं ते फक्त मधलं वर्ष.

पुस्तकाचं नाव ‘दिवास्वप्न’. लेखक गिजुभाई बधेका. गुजरातमध्ये या माणसाला ‘मुछाळी मा’ म्हणतात, म्हणजे मिशीवाली आई.

गंमत अशी की हा माणूस मूळचा शिक्षक नव्हताच. तो कोर्टात केस लढवायचा.

आधी आफ्रिका, मग कोर्ट

गिजुभाईंचं खरं नाव गिरिजाशंकर. जन्म १५ नोव्हेंबर १८८५, सौराष्ट्रातलं चित्तल गाव. बालपण गेलं वळा संस्थानात, म्हणजे आजच्या वल्लभीपूरमध्ये. १९०७ साली, ऐन बाविशीत, ते पूर्व आफ्रिकेला गेले. त्या काळी काठियावाडातली तरुण मंडळी पोटापाण्यासाठी तिकडे जायचीच, त्यात नवल काही नव्हतं. दोन वर्षांनी परत आले, मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाणला वकिली सुरू केली. पुढे हायकोर्टाची सनदही मिळाली. घरची मंडळी निश्चिंत व्हावीत, असं सगळं चाललं होतं.

१९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला, नरेंद्र. आणि वकीलसाहेबांना एक प्रश्न पडला, जो आजही पहिल्यांदा बाप झालेल्या कित्येकांना पडतो. याला शाळेत कुठे घालायचं?

स्वतःची शाळा त्यांना आठवत होती. छडी, घोकंपट्टी, मास्तरांची भीती. तेच पोराच्या वाट्याला येऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. याच शोधात त्यांची भेट मोतीभाई अमीन यांच्याशी झाली. गुजरातमध्ये गावोगावी वाचनालयं उभी करण्यासाठी ओळखले जाणारे ते हेच मोतीभाई. त्यांच्याकडून गिजुभाईंच्या हाती मारिया माँटेसरींच्या शिक्षणपद्धतीवरचं पुस्तक आलं. इटलीतली एक डॉक्टर सांगत होती की लहान मूल म्हणजे रिकामं मडकं नव्हे. योग्य साधनं आणि मोकळीक दिली तर ते आपलं आपण शिकतं.

मुलासाठी शाळा शोधायला निघालेला बाप शेवटी स्वतःच मास्तर झाला.

भावनगरमध्ये नानाभाई भट्ट यांनी १९१० साली ‘दक्षिणामूर्ती’ नावाचं विद्यार्थी भवन सुरू केलं होतं. गिजुभाई आधी या संस्थेला कायद्याचा सल्ला द्यायचे. १९१६ मध्ये त्यांनी वकिली सोडली आणि ते तिथे कामाला लागले. सुरुवातीची काही वर्षं ते मोठ्या मुलांना शिकवत होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की मुलं आपल्यापर्यंत पोहोचतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. प्रश्न विचारायची सवय मोडलेली असते, भीती मुरलेली असते. म्हणून १९२० मध्ये त्यांनी अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर सुरू केलं. दोन वर्षांनी टेकडीवरच्या त्याच्या इमारतीचं उद्घाटन कस्तुरबा गांधींच्या हस्ते झालं.

माँटेसरींना मानलं, पण गोष्टी सोडल्या नाहीत

गिजुभाईंना ‘भारताचे माँटेसरी’ म्हणून एका ओळीत उरकलं जातं. ते मला फारसं पटत नाही. माँटेसरींची साधनं त्यांनी घेतली, मुलांच्या स्वातंत्र्याचा विचार घेतला. पण एका मोठ्या मुद्द्यावर ते सरळ वेगळ्या वाटेने गेले.

माँटेसरींना लहान मुलांना पऱ्यांच्या, राक्षसांच्या कल्पित गोष्टी सांगणं फारसं मान्य नव्हतं. मुलाला आधी खरं जग कळू द्या, असं त्यांचं मत. गिजुभाई काठियावाडी मातीतले. जिथे रात्री अंगणात बाज टाकून आजी गोष्ट सांगते, तिथे बालशाळा गोष्टीविना चालवायची हे त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी लोककथा गोळा केल्या, मुलांच्या तोंडी बसतील अशा भाषेत लिहिल्या. दलो तरवाडी नावाच्या माणसाची त्यांची गोष्ट गुजरातमध्ये घराघरात माहीत आहे. हा गडी दुसऱ्याच्या मळ्यात शिरतो, वांगी घेऊ का म्हणून मळ्यालाच विचारतो आणि मळ्याच्या वतीने स्वतःच होकार देऊन टाकतो. मग मळ्याचा मालक एक दिवस त्याला धरतो आणि याला किती बुचकळ्या देऊ, असं विहिरीला विचारतो. पुढचं सांगायला नकोच.

गोष्ट का सांगायची, कोणत्या वयाला कोणती सांगायची, कशी सांगायची यावर त्यांनी १९२५ मध्ये एक अख्खं शास्त्रीय पुस्तक लिहिलं. लहानमोठी मिळून त्यांच्या नावावर जवळपास दोनशे पुस्तकं आहेत.

चौथीचा वर्ग आणि बारा महिने

आता येऊ ‘दिवास्वप्न’कडे. हे पुस्तक १९३१ च्या सुमारास आलं. कादंबरी म्हणा, डायरी म्हणा, चालेल. यातला नायक लक्ष्मीराम शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि सरकारी प्राथमिक शाळेतला चौथीचा वर्ग एक वर्षासाठी मागतो. अधिकारी हसतो, पण परवानगी देतो. अट एकच, वर्षाच्या शेवटी परीक्षा होणार.

लक्ष्मीराम रात्रभर बसून पहिल्या दिवसाची तयारी करतो. वर्गात गेल्यावर आधी शांततेचा खेळ घ्यायचा, सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं, बाहेरचे आवाज ऐकायचे. कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात पोरं चित्रविचित्र आवाज काढतात, टाळ्या पिटतात, वर्गाचा बाजार होतो. मास्तर हरतो आणि मुलांना सुट्टी देऊन टाकतो. त्यावरून हेडमास्तरांची बोलणी खातो ती वेगळीच.

मला या पुस्तकातला हा भाग सगळ्यात खरा वाटतो. आपल्याकडे प्रेरणादायी शिक्षकांच्या ज्या रील्स फिरतात त्यात मास्तर वर्गात पाऊल टाकतो आणि जादू होते. इथे पहिल्याच दिवशी फजिती.

दुसऱ्या दिवशी तो एक लांबलचक गोष्ट सुरू करतो. आटपाट नगरातला राजा, राण्या, असा सगळा ऐवज. आणि आदल्या दिवशी छप्पर डोक्यावर घेणारी पोरं चिडीचूप. गोष्ट त्या दिवशी संपतच नाही, कित्येक दिवस चालते. बाकीचे शिक्षक नाकं मुरडतात. हा पगार घेऊन गोष्टी सांगतोय, पोर्शन कधी करणार? प्रश्न रास्त आहे आणि गिजुभाई तो टाळत नाहीत. पुढचं अख्खं पुस्तक म्हणजे त्याचंच उत्तर आहे.

गोष्ट ऐकायची तर नीट बसावं लागतं, दुसऱ्याला बोलू द्यावं लागतं. झाली शिस्त. ऐकलेली गोष्ट पुस्तकात आहे हे कळलं की मुलं पुस्तक मागतात. झालं वाचन. त्यासाठी लक्ष्मीराम एक धाडस करतो. प्रत्येकाने तेच तेच क्रमिक पुस्तक विकत घेण्यापेक्षा त्या पैशांत वेगवेगळी पुस्तकं घेऊन वर्गाचं वाचनालय करू, असं तो सुचवतो. यावर पालक बिथरतात. आमच्या मुलाचं पुस्तक त्याच्याजवळच हवं, हा त्यांचा हट्ट. तरी वाचनालय उभं राहतं.

गोष्टीतलीच वाक्यं शुद्धलेखनाला येतात. इतिहास गोष्टीतून सरकतो. व्याकरणातलं नाम, विशेषण, क्रियापद खेळातून येतं, व्याख्या पाठ न करता. मुलं नाटकं बसवतात, पण संवाद न घोकता, पडद्याबिडद्याची भानगड न ठेवता. आणि या सगळ्यासोबत नखं, केस, मळक्या टोप्या. चौथीच्या अभ्यासक्रमात स्वच्छता नव्हती, पण लक्ष्मीरामच्या वर्गात ती वर्षभर चालते. खेळाच्या तासाला मारामाऱ्या होतात, लागतं, घरचे तक्रार घेऊन येतात. तेही पुस्तकात आहे.

बक्षिसांचा एक प्रसंगही आहे. पहिल्या-दुसऱ्या नंबराला बक्षिसं वाटण्यापेक्षा तो पैसा सगळ्यांसाठी, वाचनालयासाठी वापरावा, असं लक्ष्मीराम अधिकाऱ्याला पटवतो. वर्गात एक मुलगा पहिला आला की बाकीचे सगळे हरलेले ठरतात, हा गिजुभाईंचा जुना आक्षेप.

वर्ष संपतं. सुरुवातीला हसलेला अधिकारी वर्ग बघून मान्य करतो की हे जमलं.

मग हे खरंच घडलं होतं का?

नाही. आणि हे गिजुभाईंनी लपवलेलंही नाही, पुस्तकाचं नावच बघा. बालमंदिरात त्यांनी केलेल्या प्रयोगांचा भक्कम अनुभव या पुस्तकामागे आहे, पण बालमंदिर खासगी संस्थेचं होतं. तिथे ना वरिष्ठांची तपासणी, ना वार्षिक परीक्षेची टांगती तलवार. सरकारी चौथीचा वर्ग हे त्यांचं स्वप्न होतं. मोकळ्या रानात जे पिकलं ते चार भिंतींच्या आत, ठरलेल्या तक्त्यात, ठरलेल्या वेळेत पिकेल का, याचा हिशेब त्यांनी गोष्ट रचून मांडला.

यात एक कच्चा दुवा आहे. लक्ष्मीरामची मुलं पाचवीत गेली तेव्हा काय झालं? तिथे त्यांना छडीवाला मास्तर मिळाला असेल तर? पुस्तक वर्षाबरोबर संपतं. एका चांगल्या शिक्षकाने एक वर्ष बदललं, पण तक्ता आणि व्यवस्था होती तिथेच राहिली. आजही जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेचा कायापालट होतो, मग त्या गुरुजींची बदली होते आणि गाव हळहळत बसतं. तसंच काहीसं.

कायद्याच्या बाजूने बरंच पाणी वाहून गेलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी घातली आणि शिक्षण भयमुक्त असावं असंही लिहिलं. दुसरीकडे पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा महाराष्ट्रात पुन्हा आली आहे. म्हणजे लक्ष्मीरामला घातलेली अट अजून कायम आहे. फरक इतकाच की परीक्षा असताना भीतीशिवाय शिकवता येतं, हे दाखवायला तो तयार होता. परीक्षा आहे म्हणून नाइलाज आहे, ही सबब गिजुभाईंनी आपल्या मास्तराला दिलीच नाही. पुस्तकाची खरी ताकद मला इथे दिसते.

मराठी माणसाशी नातं

१९२३ मध्ये भावनगरला एक मराठी बाई आल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजमध्ये प्राचार्यपदावर असलेल्या ताराबाई मोडक. मोठ्या पगाराची प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात लहान मुलांमध्ये येऊन बसल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघायची, पुढे मराठीतही निघू लागली आणि ती ताराबाईंनी चालवली. भावनगरच्या अध्यापन मंदिरात बालशिक्षक तयार होऊ लागले.

१९३० च्या सत्याग्रहात गिजुभाई सुरतकडे शेतकऱ्यांच्या छावणीत राहिले. तिथेही मुलांची ‘वानर परिषद’ भरवली आणि मोठ्यांना अक्षरओळख करून द्यायची योजना काढली. १९३६ मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती सोडली. वीस वर्षं जिथे घालवली ती जागा सोडून राजकोटला नव्याने अध्यापन मंदिर सुरू केलं. पण तब्येत साथ देईना. पक्षाघाताच्या आजारात २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय होतं ५३. त्याच वर्षाच्या अखेरीस मारिया माँटेसरी पहिल्यांदा भारतात आल्या.

ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं होतं. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथली आदिवासी मुलं शाळेच्या वेळेत गुरं चारायला जायची. शाळेच्या वेळापत्रकात त्यांचा दिवस बसत नव्हता. मग बाईंनी वेळापत्रकच उचललं आणि शिक्षकांना गुरांमागे कुरणात पाठवलं. गुरं चरायची आणि झाडाखाली वर्ग भरायचा. तिला नाव पडलं कुरणशाळा.