साने गुरुजींचे छात्रालय



दुसऱ्याशी प्रेमाने वागा, हे आपण परिपाठात रोज सांगतो. मुलं माना डोलावतात आणि मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर एकमेकांना ढकलतात! म्हणून आज साने गुरुजींच्या आयुष्यातला एक छोटासा काळ सांगते. 'श्यामची आई' बहुतेकांना माहीत असते, अमळनेरचे छात्रालय मात्र फारसे कुणी सांगत नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराला पुढे गरिबी आली. शिक्षणासाठी औंध, मग पुणे असं परक्या गावी राहावं लागलं, पोटाचेही हाल झाले. १९१७ मध्ये आई वारली. घर सोडून शिकायला आलेल्या मुलाचं मन त्यांना एवढं कळायचं ते यामुळेच, असं मला वाटतं.

एम.ए. झालेले गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आता मुलांच्या खोल्या म्हणजे कशा असणार! अंथरूण तसंच पडलेलं, कपडे इकडे-तिकडे, कंदिलाची काच काजळीने काळी. दुसरा कुणी असता तर दंड केला असता, नाहीतर तासभर भाषण दिलं असतं. गुरुजी मुलं खोलीत नसताना जायचे, केर काढायचे, कपडे नीट ठेवायचे, काच पुसून ठेवायचे. बोलायचे काहीच नाहीत. कुणी आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसून आईसारखी सेवा करायचे. मुलांना हे कळलं तेव्हा ती ओशाळली आणि हळूहळू आपापली कामं स्वतः करू लागली. शिवाय 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक गुरुजी मुलांसाठी स्वतः लिहून काढायचे. शाळेचे तास सांभाळून हे सगळं!

डी.एड.ला असताना मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगायचं तर मला पटलं नव्हतं. शिक्षकानेच झाडू मारला तर मुलं लाडावतील, शिस्त कशी लागणार? काही पालकही आज हेच विचारतात, आणि प्रश्न चुकीचा नाही. पण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात पहिलीतल्या एका मुलाला उलटी झाली. मी लांबूनच ओरडून मावशींना हाक मारली, बाकीच्या मुलांना मागे सरकवलं. तो तसाच भरलेल्या शर्टाने उभा होता. रडला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. नंतर दोन दिवस शाळेत आला नाही. तेव्हा मला अमळनेर आठवलं. शिस्तीचा प्रश्न तिथे नव्हताच, त्या मुलाला त्या क्षणी कुणीतरी जवळ यायला हवं होतं.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. तुरुंगवास झाला. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, तीही अवघ्या पाच दिवसांत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केलं. त्यासाठी आधी गावोगाव फिरले होते. शेवटी मंदिराचे दरवाजे उघडले. विठ्ठलाच्या दारात अडवलेला माणूस आणि खोलीत तापाने फणफणलेला मुलगा, गुरुजींना दोघांचं दुःख सारखंच टोचत असणार. ११ जून १९५० रोजी ते गेले, वयाच्या पन्नाशीत.

छात्रालयाची ही गोष्ट तुमच्या वर्गात जरूर सांगा. तिसरी-चौथीच्या मुलांना चांगली समजते. फक्त कंदील म्हणजे काय हे आधी दाखवावं लागतं, आताच्या मुलांनी तो पाहिलेलाच नसतो. मी माहेरचा जुना कंदील नेला होता, काच न पुसता. गोष्ट संपल्यावर तो टेबलावर तसाच ठेवून मी हजेरी घ्यायला लागले. वर बघितलं तर दोन मुली फडकं शोधत होत्या.