शेवटच्या पायरीवरचा प्रेक्षक

लंडनचे वेम्ब्ली, रिओचे माराकाना, कोलकात्याचे सॉल्ट लेक! नुसती नावे उच्चारली, तरी फुटबॉलवेड्या माणसाच्या कानात गर्दीचा घोष घुमू लागतो. अशा एखाद्या मैदानात बसून प्रत्यक्ष सामना पाहावा, ही हौस कोणाला नसते? पण वर्धा नदीकाठच्या आम्हा कौंडण्यपूरकरांना रिओ कुठले आणि लंडन कुठले! आमच्या सपाट पटांगणावर सामना झाला, की पुढच्या दोन रांगा खेळ पाहतात आणि मागचे आरोळ्या ऐकून गोल झाल्याचे समजतात. म्हणून मी महाराष्ट्रातल्या फुटबॉलच्या पंढरीला, कोल्हापूरला गेलो आणि छत्रपती शाहू स्टेडियममध्ये सामना पाहिला.

तेथे एक गंमत ध्यानात आली. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही तेथील फुटबॉल संघांची नावे! मातीतल्या कुस्तीचा वारसा या खेळाने नावासकट उचलला आहे. आणि त्या तालमींना ज्याने राजाश्रय दिला, त्याच राजाचे नाव मैदानाला आहे. फुटबॉलची आठवण सांगता सांगता राजर्षी शाहू महाराजांच्या चरित्राकडे वळावे लागते ते यामुळेच.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. देह धिप्पाड, अंगात कुस्तीचा नाद. अशा या राजालाही त्याची पायरी दाखवली गेली! पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणत असल्याचे उघड झाले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. सिंहासनावर बसलेल्या माणसाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्याची काय असेल, हा प्रश्न महाराजांच्या मनात तेव्हाच घर करून बसला असावा, असे मला वाटते.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त महाराज इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल. डी. ही पदवी दिली. युरोपच्या याच प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. इ. स. ८० मध्ये खुले झालेले ते भव्य क्रीडागार सुमारे ५० हजार प्रेक्षकांचे. चढत जाणाऱ्या पायऱ्यांमुळे अगदी वरच्यालाही खेळ दिसे. पण कोणी कोणत्या पायरीवर बसायचे, हे मात्र प्रतिष्ठेवरून ठरे. सिनेटर पुढे; गुलाम आणि बहुतेक स्त्रिया पार वर.

महाराजांनी त्यातून घ्यायचे ते घेतले. १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान तयार झाले. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती वर चढत गेलेली बैठक. रोममधल्या खेळात माणसे मारली जात. येथे पाठ मातीला लागली, की खेळ संपला. दूर पंजाबपर्यंतचे मल्ल कोल्हापुरात आले. हिंदू असो वा मुसलमान, अंगाला माती एकच लागली.

परंतु महाराज केवळ कुस्त्यांचे शौकीन असते, तर त्यांची आठवण तालमीपुरतीच उरली असती. ते परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मराठा शिक्षण परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते आमच्या वऱ्हाडात, खामगावला आले. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात त्यांनी उघडपणे चहा घेतला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते तरुण आंबेडकरांच्या पाठीशी उभे राहिले. ब्रिटिशांशी जुळवून घेणारा संस्थानिक, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण सत्तेचा उपयोग त्यांनी कोणासाठी केला, हेही पाहिले पाहिजे. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची ४८ वर्षेही पुरी झाली नव्हती.

खासबागेची बैठक आणि राखीव जागांचा हुकूम या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत. सपाट जमिनीवर पुढचा माणूस मागच्याची दृष्टी अडवतो. त्यात पुढच्याचा दुष्टपणा असतोच असे नाही. जमिनीची रचनाच तशी असते. मागच्याला टाचा उंच करायला सांगून काय उपयोग? जमिनीलाच उतार द्यावा लागतो. शाळा, वसतिगृहे आणि नोकऱ्या यांतून महाराजांनी समाजाला तो उतार दिला.

आज जगभर मैदाने देखणी होत आहेत आणि तिकिटे महाग. माराकानात गरिबांना स्वस्तात उभे राहून सामना पाहण्याची जागा होती. २००५ मध्ये तीही गेली. खासबागेलगतचे, महाराजांनीच उभारलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळाले. वास्तू जळतात, पुन्हा उभ्याही राहतात. मात्र कोणतेही मैदान, कोणतेही महाविद्यालय मोठे की लहान, हे ठरवताना पहिल्या रांगेकडे पाहून चालणार नाही. शेवटच्या पायरीवर बसलेल्याला काय दिसते, हे आधी विचारले पाहिजे. या राजाने ते विचारले, म्हणून त्याला राजर्षी म्हणायचे.