महादजींचा सेनानी डी बॉईन

आल्प्स पर्वताच्या कुशीत शांबेरी नावाचे एक फ्रेंच नगर आहे. तेथील एका कारंज्यावर चार बाजूंस चार हत्ती असून मधल्या उंच स्तंभावर एका सेनापतीचा पुतळा उभा आहे. ज्या देशात हत्ती नाहीत, तेथे हे हत्ती आले ते मराठ्यांच्या इतिहासामुळे. तो सेनापती म्हणजे महादजी शिंद्यांच्या पदरी असलेला जनरल डी बॉईन होय.

त्याचा जन्म ८ मार्च १७५१ रोजी शांबेरीतच एका चामड्याच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. दुकानात त्याचे मन रमेना. प्रथम फ्रेंच सैन्यात व नंतर रशियाच्या चाकरीत त्याने काही काळ घालविला. तुर्कांची कैदही भोगली. १७७८ साली तो मद्रासेस आला. पुढे १७८४ मध्ये महादजींनी त्यास दोन कवायती पलटणी उभारण्यास सांगितले.

१७८७ साली लालसोटच्या लढाईत बादशाही पलटणी ऐन वेळी शत्रूस मिळाल्या; डी बॉईनचे शिपाई मात्र जागचे हलले नाहीत. तरीही, ही फौज वाढविण्यास महादजी तयार होईनात. पदरी पैसा नव्हता. डी बॉईन नोकरी सोडून लखनौस गेला आणि व्यापार करू लागला. पण १७९० मध्ये महादजींनीच त्यास परत बोलाविले व मोठा कंपू उभारावयास लावला.

शिपायांचा पगार वेळेवर मिळालाच पाहिजे, हा त्याचा कटाक्ष होता. त्यासाठी दुआबातील मुलूख त्याच्याकडे लावून देण्यात आला. जखमींची शुश्रूषा करण्याची व्यवस्था त्याच्या कंपूत होती. जे शिपाई लढाईत अपंग होत, त्यांच्या निर्वाहाची तरतूद केली जाई. त्या काळी असे फार थोड्या फौजांत घडे. त्याच वर्षी पाटण व मेडता येथे या कंपूने विजय मिळविले. मेडत्यास राठोड स्वारांनी प्राणांची पर्वा न करता वारंवार हल्ले चढविले, परंतु चौकोन करून उभे राहिलेले पायदळ त्यांना फोडता आले नाही.

१७९३ मधील लाखेरीची लढाई मात्र दुर्दैवी म्हणावी लागेल. तेथे समोर उभी होती ती तुकोजी होळकरांची फौज. डी बॉईन जिंकला. पण दोन मराठी सरदारांचे बळ परस्परांशी झुंजण्यात खर्ची पडले.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी निवर्तले. प्रकृती ढासळल्यामुळे डी बॉईननेही १७९५ च्या अखेरीस शिंद्यांची चाकरी सोडली. त्याने घडविलेल्या पलटणी १८०३ साली लासवारीच्या रणांगणावर इंग्रजांविरुद्ध शर्थीने लढून नामशेष झाल्या. त्या वेळी तो दूर युरोपात होता. हिंदुस्थानात मिळविलेल्या संपत्तीतून त्याने आपल्या गावातील रुग्णालयांस, वृद्धांस व गरिबांस मोठ्या देणग्या दिल्या. २१ जून १८३० रोजी शांबेरी येथेच तो वारला. हत्तींचे ते कारंजे गावकऱ्यांनी १८३८ साली उभारले.